शेंडा खुडलेली विलायती वांगी

कणकुंबीच्या शाळेत मी तीन वर्षं मास्तर होतो. त्या तीन वर्षांत माझी थोरली बहीण आक्का एकदाही माझ्या घरी आली नाही, आणि पुढे यायला ती उरली नाही. दोष तिचा काडीचाही नव्हता. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. स्वतःचा संसार अकाली मोडलेला. निपाणीजवळ चुलत्यांच्या घरी राहायची आणि त्यांच्या तंबाखूत राबायची. नोकरी लागली तेव्हा माझ्या मनात एकच होतं, आक्काला तिथून काढायचं आणि माझ्याकडे आणायचं.

कणकुंबी म्हणजे रान आणि पाऊस. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, आणि बोलायला कोणी नाही. गावकरी मान द्यायचे, पण मान देणारा माणूस ओट्यावर टेकून गप्पा मारत नाही. शाळा सुटली की मी चूल पेटवायचो आणि त्या चुलीशीच बोलत बसायचो. हसू नका, खरंच बोलायचो.

जंगल खात्याच्या बंगल्यावर गोव्याकडचा एक म्हातारा खानसामा होता. साहेबांच्या जेवणासाठी त्यानं विलायती वांगी लावली होती. आता सगळे त्यांना टोमॅटो म्हणतात. पाऊस सरल्यावर त्यानं मला एक रोप दिलं. मी ते दाराशी लावलं आणि आमच्याकडे तंबाखू जपतात तसं जपलं. तंबाखूला तुरा दिसला की शेंडा खुडायचा, पानांच्या बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो. आमची बोटं हे डोक्याला न विचारता करतात. पिवळं फूल दिसलं की मी खुडत होतो आणि पान कसं रुंद झालंय म्हणून खूश होत होतो.

एकदा खानसामा आला, त्यानं झाड बघितलं आणि मांडीवर थाप मारून हसला. "मास्तर, ही तंबाखू न्हय! फूल काढलं तर फळ खंयसून येतलं?"

मग मी नुकतेच खुडून टाकलेले फुटवे त्यानं वेचले आणि पाण्याच्या पेल्यात उभे केले. दहाएक दिवसांत त्यांना पांढरी मुळं आली. ती रोपं माघात लगडली. पहिलं फळ मी मीठ लावून खाल्लं. चांगलं लागलं, पण चांगलं लागलं असं म्हणायला समोर कोणी नव्हतं, आणि मला रडू आलं.

पुढच्या पावसाळ्यात फुटवे डब्यांत लावून पडवीत जगवले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांतली तीन रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून निपाणीला नेली.

"आक्का, आता चल माझ्याकडं," मी म्हणालो.

"पैल्यांदा तुझ्या घरात पाय ठेवणार, रिकाम्या हातानं कशी यीऊ रं?"

भावाच्या नव्या घरी पहिल्यांदा जाताना बहिणीनं हातात काहीतरी न्यायचंच, हा आमच्याकडचा रिवाज. चुलत्यांच्या घरातलं काही उचलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं रोपं हातात घेतली. "ह्येला फळ धरू दे. पाटीभर घिऊन यीन. माझ्या हातचं."

चुलते ओसरीवरून ओरडले, "मास्तर झाला आन् तंबाकूवाल्यास्नी वांगी शिकवाय लागला!" सगळे हसले. मला झोंबलं. मी आक्काला राख किती टाकायची, काठी कशी बांधायची, पाणी कधी घालायचं, सगळं सांगितलं. शेंडा खुडू नको, एवढंच सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माझी फजिती पण बाहेर आली असती. फूल बघून तिला आपसूक कळेल, अशी मी मनाची समजूत घातली.

परत येऊन मी घर सारवलं, दुसरं अंथरूण घेतलं. पौष गेला, माघ गेला. जांबोटीकडून गाडी आली की मी वहाणा न घालता रस्त्यावर जायचो. गाडीतून मिठाची पोती उतरायची. हळूहळू मला वाटायला लागलं की तिचं मन फिरलं. रागानं मी साधं कार्डही टाकलं नाही.

शिमग्याला स्वतःच गेलो. आक्का मला हाताला धरून परसात घेऊन गेली. कुंपणाशी तीन रोपं काठ्यांना नीट बांधलेली, बुडाशी राख, पानं हातभर पसरलेली. फूल एकही नव्हतं.

"बघ की, कसं पान धरलंय," ती म्हणाली. "लई जपलं रं. एक तुरा ऱ्हाऊ दिला न्हाय. पर फळ का धरंना, काय कळंना झालंय. मी तर दिवाळीपास्नं लुगडी बांधून ठेवल्यात."

सोप्यात खुंटीला गाठोडं लटकत होतं. त्याच्यावर धुळीचा थर होता.

मी सगळं सांगून टाकलं. माझं झाड, खानसामा, त्याचं हसणं. आक्का स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. तंबाखूच्या चिकानं ती काळी पडली होती.

"म्हंजे तुला ठाव हुतं?"

मी होकारार्थी मान हलवली. तिनं कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. "तशीच चल, आक्का, काय नको मला," मी म्हणालो. ती आत गेली, खुंटीवरचं गाठोडं काढलं, गाठ सोडली आणि एकेक लुगडं झटकून परत दांडीवर टाकू लागली.

"मग सांगायचंस की रं," ती म्हणाली.