मानेसरच्या बटणाला करंट येतो

दिल्लीत राहून मी भीतीचे बरेच प्रकार गोळा केले. त्यातला सर्वांत देखणा नमुना मानेसरचा. घरी पाहुणे आले की चहाबरोबर मी तो बाहेर काढतोच.

तेव्हा गुडगावात काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्यांतल्या एकीत मी प्रोबेशनवर होतो. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त व्हायला आले होते, म्हणजे आर. के. पुरमचं क्वार्टर सुटणार. माझ्या नोकरीच्या भरवशावर आम्ही फ्लॅट बुक केला होता. त्याचे अजून नुसते खांब उभे होते. मी कन्फर्म झालो नाही तर आपण तिघं त्या खांबांखाली, हे आई रोज डबा भरताना न बोलता सांगायची.

जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला कोड जुळवून त्याचा प्रोग्रॅम तयार करणारं बिल्ड टूल आम्ही वापरायचो. त्याला ऑफिसनं एक प्लगइन, म्हणजे छोटासा जोड-प्रोग्रॅम, लावलं होतं. तयार झालेला प्रोग्रॅम तेच सुरू करायचं, तेच थांबवायचं. सुरू छान करायचं. थांबवताना मात्र मानगूट धरून बाहेर काढायचं. प्रोग्रॅमच्या हातातल्या नोंदी तिथंच सांडायच्या. मी ते सुधारलं. आता प्लगइन प्रोग्रॅमला आधी आवरायला सांगायचं, वाट बघायचं, आणि तो फारच रेंगाळला तरच मानगुटीला हात घालायचं.

चाचणी गुडगावजवळच्या मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिथल्या यंत्रानं सकाळपासून घेतलेली मापं आमच्या प्रोग्रॅमकडे जमली होती. कारखान्याचे मॅनेजर हाताची घडी घालून उभे. शेजारी माझे सर. त्यांच्या आवाजापुढे शेडमधला पत्रे ठोकणारा प्रेससुद्धा दबायचा.

"चलो, रोक के दिखाओ," सर म्हणाले.

मी थांबण्याची आज्ञा दिली. पडद्यावर काहीच हललं नाही.

"हैंग हो गया, यार."

"नहीं सर, समेट रहा है."

"क्या समेट रहा है? दिख तो कुछ नहीं रहा."

दिसत नव्हतंच. ऑफिसमधल्या मूठभर नोंदी तो डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आवरायचा. इथे सकाळभरचा ढीग होता. आवरतोय की खरंच अडकलाय, हे मलाही कळेना. माझ्या डोळ्यांपुढे एकामागून एक खांब उभे राहिले.

दिल्लीत कूलर अडो, फ्रिज अडो की स्टॅबिलायझर, इलाज एकच: बटण बंद, बटण चालू. सरांचा हात सावकाश भिंतीवरच्या, संगणकाच्या बटणाकडे निघाला. बोट बटणावर पडलं की मापं गेली, मापांपाठोपाठ मी.

"सर, उसमें करंट आता है," माझं तोंड म्हणालं. मला विचारलंसुद्धा नाही त्यानं.

सरांचा हात हवेत थबकला.

"किसने बोला?" मॅनेजरनी विचारलं.

मी उजव्या हाताचं बोट चोळलं. "सुबह लगा था, सर."

मॅनेजरनी बटणाकडे निरखून पाहिलं. "आता होगा," ते गंभीरपणे म्हणाले. "इस दीवार में सब में आता है."

मग आम्ही तिघं त्या निष्पाप बटणाकडे अदबीनं बघत उभे राहिलो. तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली: सर्व नोंदी जतन, प्रोग्रॅम बंद. मॅनेजरनी शेवटचं माप ताडून पाहिलं. बरोबर होतं.

"इतना टाइम लगता है तो बोलता क्यों नहीं?" सर म्हणाले. "कल फिर दिखाना." म्हणजे आणखी एक दिवस जीव टांगणीला.

घरी सगळं सांगितलं, तर आईनं सरांचीच बाजू घेतली. "या घरात 'येतो' म्हटल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. आणि तू त्याला मुक्यानं निघायला शिकवलंस? आवरतोय एवढं सांगायला काय होतं?"

मी प्लगइनमध्ये तेवढंच घातलं. दुसऱ्या दिवशी मानेसरला आज्ञा देताच पडद्यावर आलं: नोंदी जतन होत आहेत, थांबा. थोड्या वेळानं तेच पुन्हा, मग पुन्हा. सर ओळी वाचत राहिले. त्यांचा हात खिशातून बाहेर आला नाही.

प्रोग्रॅम बंद झाल्यावर त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली, लांब उभं राहून तिच्या टोकानं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पट्टी माझ्या हातात दिली.

"कन्फर्म कर रहा हूँ तुझे," ते म्हणाले. "अब इस बटन का कुछ करवा."