हात पोचेल तिथं

कपाटाचं काम घेतलं की हमीदमिस्त्री टेप काढायच्या आधी घरातल्या बाईला हात वर करायला लावत. बोटं टेकली तिथं भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारत आणि बाकीची मापं त्या रेघेवरून घेत. कळंबमध्ये यावरून त्यांची थट्टा व्हायची. मीही केली आहे.

आमच्या बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटात माझ्या साड्या, ह्यांच्या फायली, मुलांची जुनी दप्तरं, सगळं कोंबलेलं होतं. शाळेतून दमून यावं, एक साडी ओढावी आणि चार अंगावर घ्याव्यात, हे रोजचंच. शेवटी ह्यांनी ऑनलाइन एक सेट मागवला. जाळीचे ड्रॉवर, फळ्या, हँगरची दांडी आणि काय कुठं बसवायचं ते दाखवणारा कागद. बसवायला मिस्त्री आले.

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "सर, ह्यात बाईंचा हात कुठाय?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हात वर करा जरा."

मी डावा केला.

"त्यो न्हाय. साडी काढताव त्यो."

उजवा हात खांद्याशीच अडला. खांदा धरून सहा महिने झाले होते. घरात बोलले नव्हते, कारण सांगून कामं कोण वाटून घेणार होतं? वेणी घालता येईना म्हणून केस कापले, तर सगळ्यांना ती फॅशन वाटली. मिस्त्रींनी मात्र एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खांद्याच्या रेषेत रेघ मारली.

"चाचा, कागदात दांडी वर आहे," हे वैतागले. "वरचं अर्धं कपाट वाया जाईल!"

"वाया कशानं? वर तुमच्या फायली ठिवा. तुमचा हात पोचतोय की, सर."

कित्येक दिवसांनी मी मनापासून हसले. जाताना मिस्त्री हळूच म्हणाले, "दांडी म्या खाली घेतली, बाई. खांदा डॉक्टरला दावा."

यंदा मिस्त्री गेले. मी भेटायला गेले, तर त्यांची एकच खोली. चाची खाली अंथरुणावर बसलेल्या. त्यांचे पाय कधीचेच गेलेले. हे मला माहीतच नव्हतं, आणि त्याची लाज वाटली. त्यांच्या शेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर खुंट्यांची ओळ होती. ओढणी, औषधांची पिशवी, जपाची तसबीह. त्या ओळीच्या वर बुजवलेल्या भोकांची एक ओळ, तिच्या वर आणखी एक. प्रत्येक ओळीला पेन्सिलीची रेघ.

"दरसाली हात वर करायला लावायचे," चाची म्हणाल्या. "हात खाली आला की चिडायचे. मग गुमान खुंट्या काढून खाली ठोकायचे."

बोलता बोलता त्यांनी ओढणीकडं हात नेला. बोटं खुंटीच्या चार बोटं खालीच थांबली.

मी वाकून ओढणी काढली आणि त्यांच्या हातात दिली.