केझायाबाईंची नऊ कलमं

केझाया एंटविसल या बाईंनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. चाळीस वर्षं कापडगिरणीत माग चालवला, आणि मागच्या गल्लीतली भांडणं मिटवली. लँकशायरच्या त्या गावात सोमवार धुण्याचा. गल्लीत आडव्या दोऱ्या बांधून सगळ्या घरांच्या चादरी एकदम वाळत पडायच्या. मग कुणाची दोरी हातभर पुढे, कुणाची टेकूची काठी गायब, आणि त्यात कोळशाची गाडी घुसली की बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. केझायाबाईंनी नऊ नियम घालून दिले आणि गल्ली वीस वर्षं गुण्यागोविंदाने नांदली.

१९१७ साली महायुद्धाला चौथं वर्ष लागलं, तेव्हा बाईंच्या मनात आलं, आम्हा भांडकुदळ बायकांना जमलं ते या राजेरजवाड्यांना का जमू नये? त्यांनी नियमांच्या वहीत ‘घर’ खोडून ‘देश’ लिहिलं. पण ते छापायचं कुठे? तहाबद्दलचं पत्रक आधी सरकारला दाखवावं लागे, आणि लोकांचं मन लढाईवरून उडेल असं चारचौघांत बोललं तर तुरुंग. छापखानेवाल्याने हात जोडले. गावच्या पेपरचा संपादकही म्हणाला, “बाई, मला पेपर बंद नाही पाडायचा. कोर्टात जे वाचलं जातं, तेवढंच मी बिनघोर छापू शकतो.”

“असं होय!” म्हणून बाई खुशीत घरी आल्या.

रविवारी त्या बाजारचौकात खोक्यावर चढल्या. समोर हवालदार वॉल्टर ऑर्मरॉड वही घेऊन उभा. शब्दन् शब्द टिपायचा हुकूम होता, आणि वॉल्टरचं लिहिणं म्हणजे गोगलगाय.

“कलम पहिलं. कुठल्याही देशाने आपली दोरी दुसऱ्याच्या दारावरून नेऊ नये. झालं का रे, वॉल्टर?”

“थांबा की, एंटविसलबाई! ‘दारावरून’पर्यंत आलोय.”

“अगं, जरा दमाने घे,” गर्दीतून कुणी ओरडलं, “घाम फुटलाय बिचाऱ्याला!”

“कलम पाचवं. भांडण झालं तर आधी तीन तिऱ्हाईत घरांनी, म्हणजे देशांनी, दोघांचं ऐकायचं. तोवर कुणी कुणाच्या चादरीला हात लावायचा नाही. कलम सहावं. जो ऐकणार नाही, त्याला कुणी साधा चिमटासुद्धा उसना द्यायचा नाही.”

नऊ कलमांना दीड तास लागला. एक शब्द सुटू नये म्हणून बाईंनी शेवटी त्याची वही स्वतः तपासली, दोन चुका सुधारल्या, आणि मगच त्याच्याबरोबर चौकीवर गेल्या.

कोर्टात न्यायाधीश म्हणाले, “हवालदार, आक्षेपार्ह तेवढंच वाचा.”

“अर्धवट वाचलं तर पुरावा कसला, साहेब?” वॉल्टर म्हणाला आणि पहिल्यापासून सुरू झाला. पेपरचा बातमीदार खाली मान घालून भराभर लिहीत होता. बाईंना इतका आनंद झाला की त्या आरोपी आहेत हेच विसरल्या. चिमट्यांच्या कलमाला मागच्या बाकावरच्या बायका हसल्या, न्यायाधीशांनी दम भरला, आणि नववं कलम संपलं.

वॉल्टरने पान उलटलं. पान कोरं होतं, ते बाईंना पिंजऱ्यातून स्वच्छ दिसत होतं.

“कलम दहावं,” तो म्हणाला. “लढाई पुकारणाऱ्यांनी मेलेल्या पोरांच्या तारा स्वतः घरोघर नेऊन द्याव्यात. दार ठोठावावं. आई दार उघडेपर्यंत तिथंच उभं राहावं.”

वॉल्टरच्या दारी अशी तार येऊन तीनच आठवडे झाले होते.

न्यायाधीश लालबुंद झाले. “नऊ कलमांना मी एक महिना देणार होतो. या दहाव्याला आणखी दोन! बाई, हे तुम्हीच बोललात?”

केझायाबाई देवभीरू बाई. बायबलवर हात ठेवून त्या जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी वॉल्टरकडे पाहिलं. तो अजून त्या कोऱ्या पानाकडेच बघत होता.

“हो, साहेब,” त्या म्हणाल्या. “माझंच आहे ते. त्याने अगदी बरोबर लिहिलंय.”