तुमचे फोटो उघडत नाहीयेत!

आधी चहा हातात घ्या. कारण मी घातलेला घोळ ऐकून तुम्ही हसणार हे नक्की, निदान कपाआड हसलात तर मला जरा कमी लागेल.

आमच्या टोरोंटोच्या मराठी मंडळात एक शिरीष होता. माझा मित्रच. आणि मी त्याच्यावर जळायचो. उघड सांगतो, लपवायचं काय त्यात?

आम्ही नॉर्थ यॉर्कच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहायचो, शिरीषचं स्वतःचं घर. घराला बेसमेंट. बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर! महिन्यातून एका शनिवारी तो तिथे मराठी नाटकाची डीव्हीडी लावायचा आणि सगळं मंडळ बर्फ तुडवत त्याच्याकडे लोटायचं. माझी बायको मेधा तर दहीवडे करून न्यायची. घरी मागितले तर म्हणायची, "शिरीषकडे खा ना शनिवारी!" आता सांगा, माणूस जळेल नाही तर काय करेल?

माझ्याकडे हुकमाचा पत्ता एकच, कॉम्प्युटर. शिरीष बँकेत, मी सॉफ्टवेअरवाला. दिवाळीच्या कार्यक्रमात मी 'व्हायरसपासून सावधान' असं भाषण ठोकलं होतं. अनोळखी साइटवरून काही उतरवू नका, अँटीव्हायरस बंद करू नका, ओळखीच्या माणसाने फाइल पाठवली तरी आधी त्याला फोन करून विचारा! अध्यक्षा परांजपे काकूंनी मला शाल आणि नारळ दिला. शिरीषला आजवर शाल मिळाली नव्हती, हे मी बरोबर लक्षात ठेवलं होतं.

मग आली संक्रांत. मंडळाच्या हळदीकुंकवाला मी फोटो काढत होतो. तिकडे पुण्यात गाजत असलेल्या एका नव्या नाटकाचा विषय निघाला आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "शिरीष आणेल हो!"

माझं डोकंच फिरलं. "शिरीष कशाला? या शनिवारी आमच्याकडे या, मी दाखवतो! आणि हे फोटोही ईमेलने पाठवतो सगळ्यांना!"

मेधाने डोळे वटारले. पण बाण सुटला होता.

दुसऱ्या दिवशी ती ग्रोसरीला गेली आणि मी नाटक शोधायला बसलो. कुठल्याशा लुकलुकणाऱ्या साइटवर सापडलं! उतरवायला गेलो तर अँटीव्हायरस लालेलाल होऊन बोंबलायला लागला. मला शिकवतोय? मला शाल मिळालेली! दिला बंद करून.

तीन अंकी नाटक, आणि फाइल एका फोटोएवढीसुद्धा नव्हती. मला काही खटकलं का? छे! डोळ्यांपुढे शिरीषचं पडलेलं तोंड होतं ना. क्लिक केलं, काही नाही. पुन्हा केलं, काही नाही. कॉम्प्युटर मात्र आतल्या आत घरघरायला लागला.

तेवढ्यात परांजपे काकूंचा फोन.

"अहो नितीन, तुमची ईमेल आली. 'माझे फोटो बघा' म्हणून, इंग्लिशमध्ये. पण तुमचे फोटो उघडत नाहीयेत!"

मला वाटलं, मेधाने जाता जाता संक्रांतीचे फोटो पाठवले असणार. किती गुणाची बायको!

"काकू, डबल क्लिक करा."

"केलं हो. ते अँटीव्हायरस आडवं येतंय."

"मग बंद करा ते! आपलेच फोटो आहेत!"

काकूंचा फोन ठेवतो तोच दुसरा. मग तिसरा. "नितीन, फोटो ओपन होत नाहीत यार!" मी प्रत्येकाला मोठ्या तोऱ्यात सांगतोय, अँटीव्हायरस बंद करा, बिनधास्त क्लिक करा. वाटलं, आता बघा कोणाला विचारतात लोक! मध्येच कॉल डिस्प्लेवर शिरीषचं नाव आलं. आला असेल शनिवारच्या नाटकाची चौकशी करायला! वाजू दे. पुन्हा आलं, पुन्हा वाजू दिलं. काय सुख होतं त्यात, सांगू!

मेधा पिशव्या घेऊन आत आली. मी म्हटलं, "फोटो पाठवलेस ते बरं केलंस."

"कसले फोटो? कॅमेरा तर माझ्या पर्समध्येच आहे अजून."

म्हणजे ती मेल माझ्या नावाने त्या 'नाटका'तल्या व्हायरसनेच सगळ्यांना धाडली होती!

शेवटी मीच शिरीषला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "अरे, किती वेळ ट्राय करतोय! तुझी मेल आली, मी उघडली नाही. तूच सांगितलं होतंस ना, आधी फोन करून विचारा? पण तू उचलतच नव्हतास."

अख्ख्या मंडळात त्याचा एकट्याचा कॉम्प्युटर धडधाकट होता. माझंच भाषण ऐकून!

शनिवारी सगळे आपापले बिघडलेले कॉम्प्युटर उचलून शिरीषच्या बेसमेंटमध्ये. शिरीष आणि मी ते साफ पुसून पुन्हा चालू करत होतो, आणि तो बोलून गेला, "नाटक हवं होतं तर मला म्हणायचंस ना, माझा भाऊ पुण्याहून पाठवतोय." मेधा दहीवडे वाढत होती. आधी शिरीषला.

पुढच्या दिवाळीत व्हायरसवर भाषण कोणाचं? शिरीषचं. शाल कोणाला? शिरीषला! मी मागच्या रांगेत धुमसत बसलो होतो. तर परांजपे काकूंनी माईकवरून मलाही उभं केलं.

"गेल्या वर्षी नितीन यांनी नुसतं सांगितलं होतं, कोणाला काही कळलं नव्हतं. मग त्यांनी ते करून दाखवलं, तेव्हा कुठे आपल्या डोक्यात शिरलं!"

खोटं कशाला बोलू? टाळ्या शिरीषपेक्षा मलाच जास्त पडल्या.