कुंकू लागलेली डिस्क

नसीमआपा दारातून आत आल्या की आधी नेटची वायर उपटायच्या. नमस्कार, चहा नंतर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नांदेडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही तसंच झालं. कॉम्प्युटरमधले सगळे रिपोर्ट कुलूपबंद होते आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती.

"हात लावू नका कुणी! चोर अजून घरातच हाय."

गावातल्या कितीतरी दवाखान्यांचे कॉम्प्युटर आपा सांभाळायच्या. फायलींच्या नावांना फुटलेली नवी शेपटी आणि चिठ्ठीखालचं नाव बघून त्यांनी व्हायरसचा वाण ओळखला.

"लई बेरकी हाय हा. गप पडून राहतो, सुट्टी हेरतो. आधी बॅकअप मारतो, मग बाकीचं. मशीन मात्र जितं ठेवतो, न्हाईतर चिठ्ठी कोण वाचणार?"

मी उगाच हसलो.

"हसून काय राहिले देशमुख? बॅकअपची डिस्क काढा."

ती कपाटातच ठेवायची आणि आपांशिवाय कुणी जोडायची नाही, हा त्यांचा कडक नियम. डिस्क मशीनला लागलेली होती. वर हळद-कुंकू. आतलं सगळं गेलेलं.

खंडेनवमीच्या पूजेला ती मीच काढली होती. तिचा बारका दिवा लुकलुकलेला बरा दिसतो म्हणून मशीनला जोडली, आणि तशीच ठेवून गावी गेलो.

"ही कुणी जोडली?" आपांनी विचारलं.

लॅबचे मालक डॉक्टर माझे मेव्हणे. ते उसळले, "जबाबदारी तुमची, आणि ढकलता आमच्या पूजेवर?"

"पूजेला कोण काय म्हणलं डॉक्टरसाहेब? मी वायरचं विचारून राहिले."

पण लॅबमधल्या सगळ्यांचे चेहरे तोवर बदलले होते. कपाटाची चावी कुणाकडे असते, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. एका बाईचं तोंड बंद करायला देवाला पुढं करणारा तो माणूस, आणि शेजारी मुकाट उभा मी! आजही आठवलं की अंगाची आग होते.

'नसीमबाईंनी रिपोर्ट घालवले' असं गावभर झालं. एकेका दवाखान्यानं त्यांना बोलावणं बंद केलं. त्या देगलूरला माहेरी गेल्या, तिथं क्लास घेऊ लागल्या.

गेल्या महिन्यात मी देगलूरला जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील.

"तवाच कळलं होतं मला," आपा म्हणाल्या. "तुमची मान वर होईना." मग म्हणाल्या, "देशमुख, तो तर लुटारू होता. पण चिठ्ठीखाली आपलं नाव लिवून गेला. तुमच्यानं तेवढंबी झालं न्हाई."