दिवा लागायच्या आत देवरी

माझ्यापाशी सायकलचे किस्से किती आहेत ते मलाच माहीत नाही. शेतातल्या धानाच्या पुंजण्यासारखं झालं आहे. एक पेंडी ओढायला जावं तर चार अंगावर येतात! नातवंडं म्हणाली, "आजोबा, बोलता कायले, लिहून काढा नं." म्हणून बसलो. शिक्षण सातवी पास, त्यामुळे काना-मात्रा तुमचं तुम्ही सांभाळून घ्या.

आमचं घर भंडाऱ्यात, नत्थू मिस्त्रीच्या सायकल दुकानासमोर. ओसरीवर बसलं की कोणाची ट्यूब कितव्यांदा फुटली, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं दिसायचं. लोक म्हणतात, शंकरभाऊला चौकशीची खोड आहे. खोड नाही हो, काळजी!

त्या दुकानावर दहा-बारा जणांचं सायकल मंडळ जमायचं. रविवार आला की निघाले! कधी पवनी, कधी तुमसर. आणि होळीच्या आधीच्या रविवारी मोठी फेरी: भंडारा ते देवरी आणि त्याच दिवशी परत. तेव्हा देवरी आपल्याच जिल्ह्यात होती. जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर, आणि सायकली कोणत्या? गियर-बियर काही नाही. दूधवाले कॅन बांधून नेतात त्याच काळ्या, लोखंडी, घोड्याएवढ्या!

फेरीचे नियम दोन. देवरीच्या पोस्टाच्या पेटीत मंडळाच्या पत्त्यावर आपल्या नावाचं कार्ड टाकायचं. शिक्का मारून ते मंडळात आलं की तोच पुरावा. आणि परतताना वैनगंगेवरचा कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याकडच्या पहिल्या विजेच्या खांबाला हात लावायचा, त्यावरचा दिवा लागायच्या आत! घड्याळ चालायचं नाही, कारण घड्याळ ज्याचं त्याचं वेगळं. दिवा सगळ्यांचा एकच.

जो फेरी पुरी करील त्याचं नाव दुकानातल्या टिनाच्या पाटीवर चढायचं. रंगवायचा स्वतः मिस्त्री. पाटीवर मंडळातल्या बहुतेकांची नावं होती, पण रंगवणाऱ्याचंच नव्हतं! कारण रस्त्यात कोणाचीही सायकल बिघडली की हा उतरलाच. "पंक्चर पाहून पुढं जाणं मले जमतच नाही, शंकरभाऊ," म्हणायचा. पाच वेळा निघाला, पाचही वेळा दिवा लागल्यावर आला. रोज दुकान बंद करताना पाटीच्या खालची मोकळी जागा फडक्यानं पुसायचा. मी पाहिलं आहे. मी सगळं पाहतो.

* * *

मी मंडळात शिरलो तो सायकलच्या हौसेनं नाही. ही माणसं एवढ्या पहाटे जातात कुठं, ते कळेना म्हणून!

एका रविवारी दुधाची बरणी हँडलला अडकवून निघालो आणि त्यांना गाठलं. म्हटलं, पुलापर्यंत जाऊ, विचारू, परत येऊ. पुलावर विचारलं, तर एक जण म्हणाला, "लाखनीले." लाखनीला काय आहे? "काही नाही." आता काही नाही तर जाता कशाला? ह्याचं उत्तर कोणी देईना. आणि उत्तर मिळाल्याशिवाय परत फिरणं माझ्या स्वभावात नाही.

घरी आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. लाखनी पाहून! मांड्या लटलट कापत होत्या, पण मनात असा आनंद की काय सांगू! बायको दारातच उभी. बरणीत डोकावली.

"अवो, रिकामीच? मले वाटलं, एवढा वेळ लागला तं म्हैसच घेऊन येता!"

* * *

मंडळाचे अध्यक्ष हटवार गुरुजी. शाळेत मास्तर आणि रस्त्यावरही मास्तर. एका वर्षी त्यांनी फर्मान काढलं, फेरीच्या दिवशी कोणी भात खायचा नाही! भातानं सुस्ती येते, पोळी खा.

आता तुम्हीच सांगा. हा धानाचा जिल्हा. आमच्याकडं माणूस आजारी पडला तर भात, बरा झाला तर भात, पाहुणा आला तर भात! पोळी खाऊन सगळे निघाले, आणि साकोली येईस्तोवर एकेकाच्या डोळ्यांपुढं काजवे. पोट म्हणजे नुसती पखवाजाची पुडी!

साकोलीला रस्त्याच्या कडेलाच एक लग्न. पंगत बसलेली. वाफाळता भात, वर वरण. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. डोमाजी किराणावाला, अंगानं मंडळात सगळ्यात भारी, त्यानं सायकल मांडवाला टेकवलीसुद्धा! म्हणाला, "गुरुजी पुढं निघून गेले. कोण पाहते?"

बसलो ओळीत. वाढणारा मला म्हणाला, "पलीकडच्या पाहुण्याले तिसऱ्यांदा भात लागला, भूक चांगली दिसते बुवा!" मी वाकून पाहिलं. पंगतीच्या टोकाला हटवार गुरुजी!

त्यांनीही मला पाहिलं. घास गिळला. आणि शांतपणे म्हणाले, "शंकरराव, मी मुलीकडून आहे!"

मिस्त्री मात्र जेवला नाही. त्याला मांडवात बोलवायला गेलो, तर हा नवरदेवाच्या मामाच्या सायकलचं चाक उघडून बसलेला. बिघाड काय होता? काहीच नाही, म्हणे. "जरासं वाकडं फिरून राहिलं होतं."

* * *

ह्याच डोमाजीचा दुसरा किस्सा. तो पुढच्या फेरीत साकोलीतच बसला. म्हणाला, "माझं चाक पुढं जाते, पोट मागं राहते." पण पाटीवर नाव तर पाहिजे! मग त्यानं डोकं लढवलं. देवरीकडं निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हातात आपलं कार्ड दिलं. "भाऊ, एवढं देवरीच्या पेटीत टाकजा." आणि स्वतः झाडाखाली झोप काढून दिवा लागायच्या आत भंडाऱ्यात हजर!

ट्रकवाला भला माणूस. पण देवरी आली तेव्हा तो विसरला. आठवण आली तेव्हा दिसली त्या पेटीत टाकलं.

चार दिवसांनी सगळ्यांची कार्डं आली. गुरुजी चष्मा लावून एकेक शिक्का मोठ्यानं वाचत होते. "देवरी. देवरी. देवरी." मग थांबले. कार्ड उजेडात धरलं. पुन्हा पाहिलं.

"डोमाजी, उभे राहा! मंडळातर्फे तुमचं अभिनंदन. तुम्ही एका दिवसात रायपूरला जाऊन आलात!"

* * *

भीमराव आमच्यात सगळ्यात तरणा, तहसिलीत बाबू, मला काका म्हणायचा. एकदा सरावासाठी तो, मी आणि मिस्त्री करडीला गेलो. गावात शिरताना भीमरावाचा पायजमा चेनमध्ये अडकला आणि गुडघ्यापर्यंत फाटला. मिस्त्री लागला चेनीतून चिंधी काढायला. मी म्हटलं, चल, तोवर पाणी पिऊ.

एका घरी पाणी मागितलं. पाणी घेऊन आली ती मुलगी मला भीमरावासाठी पसंत पडली. मग चौकशी करणं आलंच! मामा कुठले, धान किती होते, मोठ्या बहिणीला कुठं दिलं, अर्ध्या तासात सगळं काढलं. शेवटी मुलीचा बाप म्हणाला, "पोरगा बरा दिसते. पण असा फाटका पायजमा घालून पोरगी पाहाले येते का कोणी?"

भीमरावाच्या हातातला गडवा सुटला. "मी तं पाणी प्याले आलो होतो!"

वैशाखात लग्न लागलं. सूनबाई आजही सांगते, "ह्याइले एक गडवा पाणी देल्लं, अन् जन्माची फसली!"

* * *

आता ते वर्ष सांगतो, जे आठवलं की अजून चुटपुट लागते.

त्या फेरीत मिस्त्रीनं रस्त्यात पाच पंक्चर काढले. तरी जीव तोडून पायडल मारत पुलावर आला. अंधार पडत आलेला. आणि पाहतो तर खांबावरचा दिवा लागलेलाच नाही! त्यानं धावत जाऊन खांबाला मिठी मारली! आम्ही त्याला खांद्यावर घेतलं. दुकानात नेलं. त्यानं डबी उघडली, ब्रश घेतला आणि पाटीवर सुरेख 'न' काढला.

एवढ्यात गुरुजी आले. म्हणाले, "थांबा. पूर्ण भंडाऱ्याची लाईन गेली आहे."

मग वाद! एक म्हणे नियम म्हणजे नियम, दिवा लागला नाही म्हणजे वेळ संपली नाही. दुसरा म्हणे, असं कसं? वाद रात्रभर मिटला नाही, आणि सकाळी डोमाजी एस.टी.तून उतरला, सायकल टपावर. खांबाला हात लावून म्हणाला, "दिवा कुठं लागला? मीबी वेळेतच आहो!"

झालं! गुरुजींनी फेरीच रद्द केली. मिस्त्रीनं रॉकेलमध्ये बोळा बुडवला आणि 'न' पुसून टाकला. डोमाजी महिनाभर त्या दुकानासमोरून गेला नाही. लांबच्या गल्लीनं जायचा.

* * *

पुढच्या वर्षी फेरीच्या आदल्या दिवशी माझ्याच ओसरीवर बैठक झाली, मिस्त्री बाजारात गेला तेव्हा. गुरुजी, डोमाजी, भीमराव. मी आत होतो, पण खिडकीला कान होता.

ठरलं असं. उद्या कोणाचीही सायकल पंक्चर झाली तर मिस्त्रीला कळू द्यायचं नाही! त्यानं विचारलं तर काहीही सांगायचं. तो पुढं गेला की आपलं आपण पाहायचं. ठिगळं, सोल्युशन, कात्री, तिघांनीही खिशात घेतली.

"फक्त काकाले सांगू नका," भीमराव म्हणाला. "त्यायच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मी खिडकीतूनच म्हटलं, "मले समजलं आहे!"

तिघंही कपाळाला हात लावून बसले. मग गुरुजी म्हणाले, "शंकरराव, तुम्ही मिस्त्रीसोबतच राहा. तुम्ही गप्प बसलात तर त्याला संशय येईल. बोलत राहा. पंक्चर सोडून काहीही बोला!"

निघालो. देवरीपर्यंत झकास! कार्डं टाकली, परतलो. तिघं पुढं, मी आणि मिस्त्री मागं. साकोली गेली, ऊन कलतं होतं, सूर्य अजून बांबूभर वर. मिस्त्री गाणं गुणगुणत होता हो! आणि लाखनीच्या अलीकडं पाहतो तर कोणीतरी कुंपणासाठी बाभळीच्या काट्यांनी भरलेली बैलबंडी नेलेली. रस्ताभर काटे! मिस्त्री साप चुकवावा तसा चुकवत निघाला. मी त्याच्या चाकोरीत.

लाखनी ओलांडली आणि पहिला दिसला भीमराव. मोहाच्या झाडाखाली, टोपीत फुलं वेचत.

"काहून बे थांबला?" मिस्त्रीचा हात ब्रेकवर.

"मोहफुलं पाहिजेत! बायकोनं सांगितलं!"

मी लगेच सुरू झालो, "मिस्त्री, त्याच्या सासऱ्याचं तुमाले सांगतलं का?" आणि सासऱ्यापासून आजेसासऱ्यापर्यंत पोचलो. सायकल पुढं सरकली.

पुढं डोमाजी, रस्त्याच्या कडेला आडवा, तोंडावर गमछा. मिस्त्रीनं वेग कमी केला. गमछ्याखालून आवाज आला, "मी झोपलो आहो!"

आणखी पुढं एका तळ्यात गुरुजी. धोतर खोचून, गुडघाभर पाण्यात, सूर्याकडं तोंड करून हात जोडलेले.

"गुरुजी, ह्या वेळेले?"

"नवस आहे, मिस्त्री! निघा तुम्ही, निघा!"

मिस्त्री माझ्याकडं पाहू लागला. आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते सुचेना. त्यानं हळूच विचारलं, "शंकरभाऊ, तुमाले काही माहीत आहे का?"

मला! मला विचारतो, माहीत आहे का! सगळं ओठांवर आलं होतं. तरी म्हटलं, "नाही."

मिस्त्री हसला आणि असा सुटला, असा सुटला की माझी सायकल जणू उभी राहिली! कारध्याचा पूल आला. पलीकडं गर्दी. खांबाखाली माझी बायको, मान वर करून, हातवारे करत ओरडतेय, "लागला नाही! अजून लागला नाही! या वो मिस्त्री, दमानं नोका येऊ, पळा!"

वैनगंगेत सूर्य अर्धा बुडालेला. मिस्त्री पुलाच्या मध्यावर, मी मागं, घसा फाटेस्तोवर ओरडत. आणि त्यानं खांबाला हात लावला आणि दिवा लागला! असं वाटलं, ह्याच्या हातानंच लागला! लोकांनी टाळ्या, शिट्ट्या, गुलाल, काय नाही केलं! बायको तर नाचायची बाकी होती.

पण मिस्त्री खाली उतरलाच नाही. जमिनीला पायसुद्धा टेकवला नाही. खांबाला एक गिरकी घातली आणि सायकल पुन्हा पुलाकडं!

मी ओरडलो, "ओ मिस्त्री! आता उलटं कुठं जाऊन राहिला?"

तो मान न वळवता ओरडला, "लाखनीकडं! पंप माझ्या सायकलले बांधला आहे नं, शंकरभाऊ! ते तिघं काय तोंडानं फुकून हवा भरतीन?"