बनियनवरची हळद

हळदीच्या दिवशी सकाळी धाकट्या भावाने मला गोठ्यामागे नेलं आणि म्हणाला, हळद बनियनवरूनच लावा, तेवढं तू सगळ्यांना सांग. मी म्हटलं, अक्कल गहाण ठेवलीस काय? आमच्या शेलार गावात नवरदेव उघड्या अंगानेच हळदीला बसतो. तेव्हा त्याने बनियन वर केलं. वयात येणाऱ्या मुलीसारखी त्याची छाती भरली होती.

नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. तो भिवंडीजवळच्या औषधाच्या कंपनीत होता. बायकांच्या गोळ्यांत घालायचं हार्मोन तिथे बनायचं. मोठ्या भांड्यांत एकामागून एक रसायनं घालायची, गाळायचं, थंड करून पांढरे खडे पाडायचे, ते सुकवून दळायचे. दळण याच्याकडे. पावडर मैद्याहून बारीक, आणि तोंडाला घरचा रुमाल. साहेब लोक काचेपलीकडून बघायचे, मेले कधी आत आले नाहीत. कंपनीच्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं.

लग्न मोडेल, हीच त्याला भीती. मी सगळ्यांना सांगितलं, त्याला कणकण आहे, बनियन राहू दे.

संध्याकाळी मांडवात धवलारीण लग्नाची गाणी गात होती. भावकीतले एक काका घोटभर लावून आले. नवरी काय बनियनशी लग्न करणार, असं म्हणत हसतहसत त्यांनी ते फाडलं. बायकांचे हात थांबले. भाऊ दोन्ही हातांनी छाती झाकून बसला. माझं डोकंच फिरलं. वाटीतली हळद घेऊन मी त्याच्या हातांवर, गळ्यावर थापली.

"कंपनीची पावडर हाय ती," मी म्हटलं, "रोग न्हाय."

कुणी ऐकलं नाही. उष्टी हळद घेऊन आमची माणसं वडप्याला नवरीकडे गेली, तर बातमी आधीच पोचलेली. तिच्या बापाने वाटी उंबऱ्यावरूनच परत पाठवली. सकाळी मांडव उतरवला. त्या बापाचा मला राग नाही, काचेपलीकडच्यांचा अजून आहे.

काही दिवस भाऊ घरात तोंड लपवून बसला. मग एका सकाळी त्याने डबा मागितला. मी हातापाया पडले, ती कंपनी सोड, कापडाच्या लूमवर जा, काहीही कर.

चप्पल घालता घालता तो म्हणाला, "ताय, लूमवर सगले उघड्या अंगानं काम करतात. आमच्या खात्यात सगले माझ्यासारखेच हायेत."